जे पचत नाही ते रक्तात जातं कसं? (फायबर, मोठं आतडं आणि बाबांचा प्रश्न)

आबोली_डिचोली

नमस्कार मंडळी, हा धागा बाबांमुळे काढावा लागतोय. बाबा गणिताचे रिटायर्ड मास्तर, वय ७४. मागच्या महिन्यात शुगर जरा वर आली म्हणून डाएटिशियनकडे घेऊन गेले, तर त्या बाई म्हणाल्या पांढरा पाव कमी करा, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), नाचणी, तांबडी भाजी वाढवा, फायबर पोटात जाऊ दे. इथवर बाबा मान हलवत होते. मग त्या म्हणाल्या की फायबर पचत नाही पण मोठ्या आतड्यात त्याची शॉर्ट चेन फॅटी ॲसिड्स होतात आणि ती रक्तात जाऊन काम करतात. झालं, बाबांनी हात वर केला. खरंच वर केला हो, वर्गात करतात तसा. "जे पचत नाही ते रक्तात जाणार कसं? आणि मोठ्या आतड्यात फक्त पाणी शोषलं जातं असं बाजूच्या वर्गात विज्ञानाचे मास्तर तीस वर्षं ओरडून शिकवत होते, ते मला भिंतीतून ऐकू यायचं, ते काय खोटं होतं?"

बाईंनी हसून पुढचा पेशंट बोलावला. आता घरी रोज जेवताना हाच विषय. नेटवर शोधलं तर एक तर "आतडे निरोगी ठेवा" टाइपचं गोड गोड नाहीतर डायरेक्ट रिसर्च पेपर. मधलं कोणी सांगेल का? सोपं करून सांगा पण लहान मुलाला सांगतात तसं नको, बाबा चिडतात.

पेजवाला

बाबांना सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज द्या, सोबत चेपणीची तोरां. प्रश्नच विसरतील.

आबोली_डिचोली

पेज रोजच असते. प्रश्न पेज खाताखाताच सुचतात त्यांना 😀

प्रयोगवही

मी फिजिऑलॉजी शिकवायचो, आता फोंड्याला घरी बसून झाडांना पाणी घालतो, त्यामुळे वेळ आहे. बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि विज्ञानाच्या मास्तरांना फार दोष देऊ नका, मोठ्या आतड्याला बराच काळ पुस्तकात "पाणी आणि मीठ शोषणारी नळी" एवढाच मान होता.

पहिल्यांदा "पचत नाही" हा शब्द सोडवू. फायबर *आपल्या* एन्झाइमना तोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपली लाळ, स्वादुपिंड, लहान आतडं यांच्याकडे स्टार्च तोडायची कात्री आहे पण पेक्टिन, इन्युलिन, अळसांद्यातल्या त्या गॅसवाल्या साखरा यांना लागणारी कात्री नाही. म्हणून ते जसंच्या तसं लहान आतडं पार करून सिकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पहिल्या पिशवीत पडतं. तिथे बॅक्टेरिया बसलेत आणि त्यांच्याकडे कात्र्याच कात्र्या. ते फायबर तोडून साखर करतात आणि ऑक्सिजन नसल्यामुळे ती साखर आंबवतात. आंबवल्यावर उरतं काय, तर ॲसिटेट (दोन कार्बन), प्रोपियोनेट (तीन) आणि ब्युटिरेट (चार), साधारण ६०:२०:२० या प्रमाणात, आणि शिवाय गॅस.

म्हणजे रक्तात फायबर जात नाहीच. फायबरचं जे झालं ते जातं.

आता ही "फॅटी ॲसिड" म्हटली की लोकांना तेल आठवतं. खोबरेल तेलातल्या लॉरिक ॲसिडमध्ये १२ कार्बन, बांगड्याच्या तेलात २०-२२ वाली. ती पाण्यात विरघळत नाहीत म्हणून त्यांना पित्त लागतं, मग पेशीत परत बांधून कायलोमायक्रॉन नावाच्या गोळ्या करायच्या, त्या लिम्फच्या नळ्यांतून फिरवून मानेजवळ रक्तात सोडायच्या, एवढा व्याप. दोन-तीन-चार कार्बनवाल्यांना यातलं काहीच लागत नाही. पाण्यात विरघळतात, आतड्याच्या पेशीतून पार होऊन थेट केशवाहिनीत, तिथून पोर्टल शिरेने लिव्हरला. सरळ रस्ता. तयार झालेल्यातलं ९५ टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं.

पेशीतून पार कसं होतं हीच खरी गंमत आहे, पण आता जेवायला हाक आली.

सत्तरीकर

आमच्या गोठ्यात या. गाय अख्खी यावरच चालते. रवंथ करणाऱ्या जनावराला लागणाऱ्या एनर्जीतली ७० टक्क्यांच्या आसपास याच तीन ॲसिडमधून येते, फरक एवढाच की तिची आंबवण्याची टाकी पुढे आहे, रुमेन, आणि आपली मागे. रुमेन आतून बघितलंय का कोणी? टर्किश टॉवेल असतो तसं, सगळीकडे बारीक जिभा, शोषायला जागा जास्त मिळावी म्हणून. आणि गाईला गवतातून साखर म्हणून जवळपास काही मिळत नाही, तिचं लिव्हर प्रोपियोनेटपासून ग्लुकोज बनवतं, त्यावरच दुधातली साखर होते. बाबांना सांगा, जे पचत नाही त्याचंच दूध रोज चहात घालता.

आबोली_डिचोली

हे शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. बाबा दोन मिनिटं गप्प. मग "मी गाय नव्हे."

प्रयोगवही

बरोबर, माणसाला यातून एकूण एनर्जीच्या ५-१० टक्के मिळते, जेवणात फायबर किती त्यावर अवलंबून. म्हणून तर फायबरच्या ग्रॅममागे साधारण २ किलोकॅलरी धरतात, साखरेच्या ग्रॅममागे ४. शून्य नाही धरत.

मिरामारची_हवा

एवढं रामायण कशाला, ब्युटिरेटच्या कॅप्सूल मिळतात, त्या घ्यायच्या ना. माझा जिमवाला घेतो. आणि ॲसिटेट म्हणजे विनेगरच ना? मग सकाळी माडाचं विनेगर दोन चमचे पाण्यात, झालं काम.

कुळागर

आणि तूप? ब्युटिरेटचं नावच बटरवरून आलंय असं वाचलं होतं कुठेतरी.

प्रयोगवही

तिन्हीला एकच उत्तर, *कुठे* शोषलं जातं ते बघा. विनेगर प्यायलात तर ते जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत काही पोचत नाही. तुपाचंही तेच, लोण्याच्या फॅटमध्ये ३-४ टक्के ब्युटिरिक ॲसिड असतं आणि नाव तिथूनच आलं हे खरं, पण ते वरच सुटतं आणि वरच शोषलं जातं. साध्या कॅप्सूलची गत तीच, म्हणून कंपन्या वरून कोटिंग करतात, ते खाली जाऊन उघडावं म्हणून. फायबरची खुबी ही की ते स्वतः शोषलं जात नाही *म्हणूनच* माल खालपर्यंत पोचतो आणि मग तिथे जागच्या जागी ॲसिड तयार होतं. न पचणं हाच त्याचा गुण.

(माडाचं विनेगर सोर्पोतेलात घाला, तिथे त्याला तोड नाही.)

आबोली_डिचोली

मंडळी, प्रकरण वाढलं. काल रात्री बाबांनी माझ्या मुलाचं बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक मागून घेतलं आणि कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर गणित मांडलं. जसं सांगितलं तसं टाइप करतेय, चूक असेल तर माझी.

या ॲसिडांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन टाकून बसतात तो आकडा) ४.८ च्या आसपास. सिकममध्ये पीएच ५.६, पुढे डाव्या बाजूला ६.६ (हे आकडे त्यांना नातवाने शोधून दिले). ५.६ वजा ४.८ म्हणजे ०.८, दहाचा ०.८ वा घात ६.३, म्हणजे एका अखंड ॲसिडमागे ६.३ रेणू प्रोटॉन टाकून निगेटिव्ह झालेले. अखंड राहिले जेमतेम १४ टक्के. पुढे ६.६ ला दहाचा १.८ वा घात, ६३. अखंड राहिले दीड टक्का.

आणि आता बाबांचे शब्द: "पेशीची भिंत तेलाची. चार्ज असलेला रेणू तेलातून जात नाही हे पुस्तकातच लिहिलंय. मग दीड टक्का जाऊ शकतो म्हणायचं आणि ९५ टक्के शोषलं जातं म्हणायचं, यातलं एक चुकीचं असलं पाहिजे. त्या फोंड्याच्या सरांना विचार."

पेजवाला

बाबांना सलाम 🙏 मी बीकॉम आहे, मी फक्त पॉपकॉर्न घेऊन बसतो.

प्रयोगवही

मास्तरांना माझा नमस्कार सांगा. आयुष्यभर मुलांनी हा प्रश्न विचारावा म्हणून वाट बघितली, शेवटी विचारला तो ७४ वर्षांच्या मुलाने.

गणित चोख आहे. आता यात दोन गोष्टी मिसळायच्या. एक, तो दीड टक्का ही थांबलेली शिल्लक नाही. अखंड रेणू आत गेला की समतोल ढळतो, मग उरलेल्यांपैकी काही पुन्हा प्रोटॉन उचलून अखंड होतात, ते आत जातात, परत तेच. म्हणजे खात्यात कायम शंभरच रुपये दिसतात पण रोज काढता येतात. आणि प्रोटॉन पुरवायला पेशीच बसलीय, तिच्या तोंडावर एनएचई-३ नावाची अदलाबदल करणारी प्रोटीन असतात, सोडियम आत घेतात, प्रोटॉन बाहेर टाकतात. त्यामुळे अगदी भिंतीलगतच्या थरात जास्तीचे प्रोटॉन मिळत राहतात. हा जुना खुलासा, आणि सुरुवातीला सगळं शोषण यानेच होतं असं बऱ्याच जणांचं मत होतं.

पण एवढ्याने भागत नाही, निदान सगळं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चार्जवाल्यांसाठी दारं आहेत. तीन प्रकारची.

एमसीटी-१: हे प्रोटीन ॲसिडचा निगेटिव्ह रेणू आणि एक प्रोटॉन अशी जोडी आत नेतं. रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत बसल्यासारखं, पण एकटा चढता येत नाही, सोबत प्रोटॉन हवा. हेच प्रोटीन स्नायूंत लॅक्टेटही वाहतं.

एसएमसीटी-१: हे सोडियमच्या जोरावर चालतं, दर खेपेला दोन सोडियम आणि एक ॲसिड.

तिसरं दार अदलाबदलीचं: ॲसिड आत, बायकार्बोनेट बाहेर. म्हणून ॲसिड शोषलं जात असताना आतड्यातला बायकार्बोनेट वाढतो, आणि पीएच ५.६ वरून ६.६ ला चढत जातो त्यात याचाही हात आहे.

कुणाचा वाटा किती यावर अजूनही वाद चालतो, आणि उंदीर, डुक्कर, माणूस यांत फरकही आहे. पण मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर हे की दोन्ही वाक्यं बरोबर, तेलाच्या भिंतीतून चार्ज जात नाही, आणि ९५ टक्के जातं, कारण ती भिंत नुसती तेलाची नाही.

खाजनातला

सर, हे दुसरं दार म्हणजे आमची मानस झाली की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाला लाकडी दारं असतात, भरतीला आपोआप बंद, ओहोटीला उघडी, सगळं पाण्याच्या पातळीतल्या फरकावर. आणि ओहोटीला पाणी जोरात बाहेर जातं तेव्हा त्याच्या ओढीने सुंगटां (कोळंबी)-मासळी पण येते, तिथे जाळं लावलेलं असतं. सोडियम म्हणजे पाणी आणि ॲसिड म्हणजे सुंगटां. बरोबर का?

प्रयोगवही

फार छान, मी चोरणार हे. फक्त पातळीतला फरक कोण राखतं ते जोडा. मानशीला चंद्र आहे, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी फुकट. पेशीत फुकट काही नाही. पेशीच्या मागच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप सतत चालू असतो, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, त्यात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जळतं, तेव्हा कुठे पेशीत सोडियम कमी राहतो आणि पुढच्या दारातून आत ओढला जातो.

आणि ते एटीपी कशातून येतं? बऱ्याच अंशी ब्युटिरेटमधूनच. दाराने जे आत आणलं तेच जाळून दार चालवायचं.

आबोली_डिचोली

बाबांनी "सुंगटां" ऐकून मान डोलवली. आता पुढचा प्रश्न, पेशीत आलं ते ठीक, पण पेशीतून *रक्तात* किती येतं? सगळं येतं की वाटेत खाल्लं जातं? (बाबा: "मध्यान्ह भोजनाचे तांदूळ शाळेत पोचेपर्यंत किती उरतात तसा हिशेब दे.")

प्रयोगवही

😀 हिशेब आहे, आणि त्यामागे जरा उदास करणारी गोष्ट. जिवंत माणसाच्या पोर्टल शिरेतलं रक्त काढणं सोपं नाही, ती आतडं आणि लिव्हरच्या मधे खोल बसलेली असते. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी अचानक मरण आलेल्या काही माणसांच्या शवविच्छेदनात, मृत्यूनंतर काही तासांतच, आतड्यातला माल आणि वेगवेगळ्या ठिकाणचं रक्त तपासलं. सिकममध्ये ही ॲसिडं किलोला १३१ मिलीमोल, डावीकडे उतरत्या भागात ८०. म्हणजे पुढे जाता जाता शोषली जातायत. रक्तात लिटरला पोर्टल शिरेत ३७५ मायक्रोमोल, लिव्हरमधून बाहेर पडताना १४८, आणि हातापायाकडच्या रक्तात ७९.

तीन नाके आहेत असं धरा. पहिला नाका आतड्याची पेशी स्वतः, ती ब्युटिरेट सर्वात जास्त ठेवून घेते. १९८० मध्ये रोडिगर यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसाच्या आतड्यातल्या पेशी वेगळ्या करून दाखवलं की त्या जो ऑक्सिजन वापरतात त्यातला सुमारे ७० टक्के ब्युटिरेट जाळायला जातो. शरीरातल्या बाकी पेशी रक्तातून जेवतात, या पेशी मात्र मागच्या रक्तापेक्षा पुढच्या मळातून जेवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. दुसरा नाका लिव्हर, ते प्रोपियोनेट जवळपास सगळं उचलतं. दोन्ही नाके ओलांडून जे अंगभर फिरतं ते मुख्यतः ॲसिटेट, ते स्नायू, हृदय, चरबी वापरतात.

पेशीच्या मागच्या बाजूने रक्ताकडे जायला पुन्हा वेगळी दारं आहेत, एमसीटी-४ आणि बायकार्बोनेटच्या बदल्यात चालणारं एक. तिथे फार रेंगाळत नाही.

पेजवाला

म्हणजे ब्युटिरेट हा माल गोव्यातच खपतो, एक्स्पोर्ट होत नाही. फेणीसारखं.

दुसऱ्यांदा_जन्मलो

मी सहसा लिहीत नाही पण रोडिगरवालं वाचून लिहावंसं वाटलं. काही वर्षांपूर्वी माझं आतड्याचं ऑपरेशन झालं, कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा, तात्पुरती पिशवी लावली होती पोटावर आणि खालचा आतड्याचा भाग तसाच ठेवलेला, बंद, रिकामा, नंतर जोडायचा म्हणून. चार महिन्यांनी खालून आव आणि रक्त पडायला लागलं. जिथून काही जातच नाही तिथून रक्त! मला वाटलं संपलं, कॅन्सर परत आला. बायकोला दोन दिवस सांगितलंच नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याने बघून सांगितलं की डायव्हर्शन कोलायटिस आहे, बऱ्याच जणांना होतो, आतडं जोडलं की बरा होतो. कारण विचारलं तर म्हणाले "त्या भागाला खायला मिळत नाहीये." मला वाटलं समजवायला सोपं बोलतायत. ते शब्दशः खरं होतं हे आज कळलं.

जोडल्यावर दीड-दोन महिन्यांत थांबलं. आता ठीक आहे. राग एवढाच की ऑपरेशनच्या आधी कोणी एक वाक्य सांगितलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते.

प्रयोगवही

लिहिलंत ते फार बरं केलंत. हो, शब्दशः. रक्तपुरवठा चालू असतो पण पुढच्या बाजूने येणारं जेवण बंद. १९८९ मध्ये काही पेशंटना या ॲसिडांचं द्रावण एनिमाने दिलं तेव्हा सूज उतरली, नंतरच्या चाचण्यांत मात्र निकाल तितका ठोस आला नाही, म्हणून जोडणं हाच पक्का उपाय धरतात. आणि तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी: खालून रक्त आलं तर धागे वाचत बसू नका, डॉक्टरला दाखवा, कारण काहीही असू शकतं.

कुळागर

दुसऱ्यांदा_जन्मलो, काळजी घ्या दादा 🙏

मिरामारची_हवा

ओके कॅप्सूलचं मागे घेतो. पण एक, अँटिबायोटिक घेतल्यावर जुलाब होतात त्याचा याच्याशी संबंध आहे का? मला दर वेळी होतात.

खाजनातला

मुंडकार हाकलले की भाटकाराचं भाट ओस पडतं, तसंच असणार. बॅक्टेरिया मुंडकार, आपण भाटकार. ते आपल्या जागेत राहतात, राबतात, वाटा देतात.

सत्तरीकर

मुंडकारांना १९७५ चा कायदा आहे बाबा, हाकलता येत नाही. अँटिबायोटिकला कायदा लागू नाही.

प्रयोगवही

तुम्ही दोघं मिळून पाठ्यपुस्तक लिहा. हो, संबंध आहे (सगळ्या जुलाबांचा नाही, काही वेळा वाईट जंतू माजतात ते वेगळं आणि गंभीर). आंबवणारे मेले की ॲसिड कमी, आणि न आंबलेला माल पाणी धरून ठेवतो. शिवाय ही ॲसिडं आत जाताना सोडियम सोबत जातो आणि सोडियममागे पाणी. वर ती दारं सांगितली ना, एनएचई-३ सोडियम आत घेतं, एसएमसीटी-१ दोन-दोन सोडियम घेतं. मोठ्या आतड्यात दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी येतं आणि बाहेर पडतं ते शंभर-दोनशे मिली, त्या शोषणात या ॲसिडांचा मोठा हातभार आहे. म्हणजे विज्ञानाच्या मास्तरांचं "फक्त पाणी शोषलं जातं" हे वाक्य अर्धं बरोबर, ते पाणी कशाच्या मागोमाग जातं एवढं सांगायचं राहिलं.

यावरून आपल्या जवळचीच एक गोष्ट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी यावर डोकं चालवलं. नेहमीचं ओआरएस लहान आतड्यात काम करतं, ग्लुकोजसोबत सोडियम आत जातो. त्यांचा विचार असा की मोठं आतडं रिकामं का बसवायचं? म्हणून ओआरएसमध्ये लिटरला ५० ग्रॅम असा स्टार्च घातला जो लहान आतड्यात पचत नाही, जास्त अमायलोजवाल्या (अमायलोज म्हणजे स्टार्चचाच एक प्रकार) मक्याचा. तो खाली जाणार, आंबणार, ॲसिडं होणार, ती शोषली जाताना सोडियम आणि पाणी ओढून नेणार. कॉलराच्या ४८ पेशंटवर चाचणी, साधं ओआरएस, तांदळाच्या पिठाचं आणि हे, अशी तीन गटांत. मक्याच्या स्टार्चवाल्यांचा जुलाब कमी झाला आणि लवकर थांबला. २००० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं. मला हे फार आवडतं, कारण एमसीटी-बिमसीटी ही नावं पाठ करून मुलांना वाटतं की हे परीक्षेपुरतं आहे.

पेजवाला

म्हणजे आजी जुलाब झाले की पेज मीठ घालून द्यायची ती…

प्रयोगवही

आजीचं बरोबरच होतं, पण तिची पेज मुख्यतः वरच्या मजल्यावर काम करायची, लहान आतड्यात, ओआरएससारखी. गरम मऊ पेजेचा स्टार्च बहुतेक तिथेच पचतो. भात शिजवून गार केला की त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट रचला जातो आणि पचायला हट्टी होतो, तो खाली जातो. हिरव्या केळ्यात तर भरपूर असतो. पण म्हणून शिळा भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्यात भलतेच जंतू वाढतात, फ्रिजमध्ये ठेवा. आणि मास्तरांना शुगर आहे तर "गार भात" हे औषध समजून दोन ताटं जास्त जेवायची नाहीत, गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

कुळागर

पोईचं, आपल्या गोव्याच्या पावाचं, कोणी बोललंच नाही. पूर्वीची पोई म्हणजे कोंड्यासकट पीठ. आता बऱ्याच ठिकाणी आत मैदा आणि वरून कोंडा भुरभुरलेला, फेस पावडर लावल्यासारखा. डाएटिशियन "पोई खा" म्हणतात ती कुठली पोई ते विचारा. फोडून रंग बघायचा, आतून पांढरीफेक असेल तर तो पावच आहे, कपडे बदलून आलेला.

सत्तरीकर

+१. आणि फायबर एकदम वाढवू नका. आम्ही गाईला सुद्धा चारा एकदम बदलत नाही, आठ-दहा दिवस थोडं थोडं, नाहीतर पोट फुगतं.

आबोली_डिचोली

हे तुम्ही चार दिवस उशिरा सांगितलंत 😭 बाबांनी उत्साहाने तीन दिवस सलग अळसांद्याचं तोणाक खाल्लं. घरात काय वातावरण होतं ते लिहीत नाही. आई ओसरीवर झोपली.

पण बाबांना त्यातही प्रश्न. "ॲसिड रक्तात जातं तर गॅसही जात असला पाहिजे, तो तर आणखी लहान."

प्रयोगवही

जातो! हायड्रोजन आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात आणि श्वासातून बाहेर. यावर टेस्टच आहे, दूध पचत नाही असा संशय असला की दुधातली साखर पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, म्हणजे श्वासात आला की तो खालच्या मुंडकारांचाच. मास्तर आता शोधाच्या वाटेवर आहेत, अडवू नका.

मिरामारची_हवा

धागा वाचनखुणेत ठेवला. जिमवाल्याला फॉरवर्ड केलाय, तो ब्लू टिक करून गप्प आहे.

आबोली_डिचोली

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री कालनिर्णयच्या मागे अख्खा नकाशा तयार झाला, सिकम, तीन दारं, पंप, पोर्टल शीर, लिव्हर, बाजूला ३७५, १४८, ७९. आई म्हणाली पुढच्या महिन्याचा बाजार आता कुठे लिहू. पुढच्या आठवड्यात डाएटिशियनकडे फॉलोअप आहे आणि बाबा ते पान घेऊन जाणार आहेत, त्या बाईंची मला आत्तापासून काळजी वाटतेय.

आज दुपारी ताट वाढलं, नाचणीचं तिझन आणि तांबडी भाजी, आणि बाबांनी पहिला घास घ्यायच्या आधी विचारलं, "९५ टक्के शोषलं जातं, मग उरलेले ५ टक्के कुठे जातात?"

मी सांगितलं कुठे जातात. जेवताना. आई उठून आत गेली.